बरडावरचे गोटे

मागच्या उन्हाळ्यात भाचीला प्लॉट बघायचा होता, म्हणून तिच्यासोबत काटोल रोडच्या आतल्या बाजूला गेले होते. नागपूरच्या चारही अंगांना आता जे दिसतं तेच तिथंही होतं. रस्त्याच्या कडेला ‘एनएटीपी, आरएल’ अशा सरकारी मंजुऱ्यांची नावं ठळक लिहिलेले फलक, वाऱ्यानं फाटलेल्या रंगीत पताका, नुकताच रोलर फिरवलेले मुरमाचे रस्ते आणि त्या रस्त्यांना दिलेली फुलांची नावं. झाड एकही नव्हतं. ऑफिस म्हणून ठेवलेल्या पत्र्याच्या खोलीसमोर एक छोटी बाग केली होती. आणून अंथरलेली हिरवळ, मधे कारंजं, आणि कारंज्याभोवती काळ्या गोट्यांचा गोल. एक गोटा पांढरा, एक गेरूचा, असे आळीपाळीनं रंगवलेले. भाची कॉर्नरच्या प्लॉटचा भाव विचारत होती तेव्हा मी त्या गोलाकडे बघत उभी होते. एका पांढऱ्या गोट्यावर रंग नीट बसला नव्हता, वाटीसारख्या खळग्यांमध्ये साचून पापुद्रे धरले होते. मी वाकून बघितलं. खळग्यांच्या दोन ओळी होत्या, शेजारी शेजारी, हातानं कोरलेल्या. बोट आत टेकवलं तर पेर बरोबर मावलं.

साइटवरचा मुलगा उत्साहानं जवळ आला. “मॅडम, हे इथलेच गोटे आहेत. वावरात पडले होते. जेसीबीनं काढले. दिसून राह्यले न मस्त?” कुठून काढले म्हणून विचारलं, तर त्यानं लांब हात केला, “तिकडं, जिथं क्लब हाऊस येणार आहे.” मी उन्हात तिथवर चालत गेले. जमीन सपाट केलेली होती. पिवळट मुरमात मधेच काळ्या चिकणमातीचा एक मोठा गोल डाग होता, भेगाळलेला, चाकांनी इकडंतिकडं ओढला गेलेला. आसपास कुठंही काळी माती नव्हती, तिच्यातून चालताना चपलेखाली खापरं कुरकुरत होती. आत काळी आणि वरून तांबडी, पातळ, छान भाजलेली. ती काळी माती कुणीतरी लांबून वाहून आणून तिथं चोपून बसवली होती, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी, आपल्या माणसावर पांघरूण घालावं तशी.

क्लब हाऊसचा पाया पुढच्या आठवड्यात खणणार होते.

विदर्भातल्या माणसांना हे गोल नवे नाहीत. पुस्तकात त्यांना शिळावर्तुळं म्हणतात, महापाषाणीय दफनं म्हणतात. आमच्या घरी ते फक्त ‘गोटे’ होते. आबाजींच्या सहा एकरांपैकी नाल्याकडचा तुकडा चांगला काळा, त्यात पऱ्हाटी आणि तूर. वरचा तुकडा बरड. तिथं हातभर खणलं की मुरूम लागायचा. त्या बरडावर एक गोल होता, सबंध घर मावेल एवढा. त्याच्या मधला भाग जरा फुगीर, आणि त्यावर उन्हाळ्यातही थोडं गवत टिकून असायचं, त्यामुळं गाई तिथंच बसायच्या. सुट्टीत आम्ही भावंडं गोट्यांवरून उड्या मारत पूर्ण फेरी करायचो. पाय खाली टेकला तो बाद. आजी म्हणायची, हे गवळी राजाच्या काळचं आहे. तो कोण, कधीचा, हे तिलाही माहीत नव्हतं. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्यातल्या एका गोट्याजवळ भाताचा मुटका ठेवून यायची. का ठेवते असं विचारलं तर तिची सासू ठेवायची म्हणून, एवढंच उत्तर.

आबाजींचा वखर त्या गोलाला वळसा घालून जायचा. पुढं कितीतरी वर्षं मला वाटत होतं की ती त्यांची श्रद्धा. मोठेपणी विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, की एकेक गोटा हलवायला चार माणसं आणि एक बैलजोडी लागते, आणि हलवून मिळतं काय, तर मुरूम. एवढ्या कष्टात नाल्याकडं एक विहीर बांधून होते. हे उत्तर मला तेव्हा कोरडं वाटलं होतं. आता वाटतं की या दगडांना इतकी शतकं ज्यानं राखलं ते कारण त्यांनी मला नेमकं सांगितलं होतं. ज्यांनी ही स्मारकं उभी केली त्यांनी ती नदीकाठच्या कसदार जमिनीवर केली नाहीत. वस्ती आणि शेती खाली ठेवली आणि मेलेली माणसं वर बरडावर नेली. त्यामुळं नांगर त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. दगडांचं वजन आणि जमिनीचा नापीकपणा या दोन गोष्टींनी ती जपली. पण प्लॉटचा धंदा करणाऱ्याला बरडच हवं असतं. पाया पक्का लागतो, पावसाळ्यात चिखल होत नाही, आणि कास्तकारही नापीक तुकडा आधी विकायला काढतो. राहिलं वजन, तर ते जेसीबीला जाणवत नाही. जी जागा सगळ्यात सुरक्षित होती तीच आता सगळ्यात आधी जाते.

नागपूरकराला हिस्लॉप हे नाव कॉलेजमुळं माहीत असतं. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून आलेला मिशनरी, त्याला दगडांचं आणि जीवाश्मांचं वेड. ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो टाकळघाटला गेला होता, तिथली शिळावर्तुळं खणून बघायची होती म्हणून. मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपलही त्या दौऱ्यात होता. संध्याकाळी हिस्लॉप एकटाच घोड्यावरून परत निघाला आणि बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेला. पुढं १८६६ मध्ये टेंपलनं त्याचे गोंड आणि इतर आदिवासींविषयीचे कागद छापून काढले. ते बोरी म्हणजे आपलं बुटीबोरी. आज तिथून टाकळघाटकडं जाताना एका बाजूला एमआयडीसीच्या भिंती आणि चिमण्या, दुसऱ्या बाजूला कामगारांसाठी पडलेले लेआउट. मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा दरवेळी मला तो भर पावसातला माणूस आठवतो. त्याच्या हाती त्या दिवशी काय लागलं असेल, काय लिहायचं मनात धरून तो परत निघाला असेल. त्याच्या नंतर थोड्याच वर्षांत रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं काटोल रोडवरच्या जुनापाण्याची वर्तुळं खणली आणि गोट्यांवरच्या त्या वाटीसारख्या खळग्यांची चित्रं काढून ठेवली. म्हणजे या गोलांकडं शोधक नजरेनं बघायला सुरुवात होऊन दीडशे वर्षं उलटली आहेत.

त्यानंतर बराच काळ शांततेत गेला. मग नागपूर विद्यापीठात शां. भा. देव आले. त्यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट आणि खापा खणलं, १९७० पासून माहूरझरी, पुढं पारशिवनी तालुक्यातलं नैकुंड. टाकळघाटला माणसांची वस्ती सापडली, खाप्याला त्यांच्या समाध्या. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी आणि धातूचा मळ मिळाला. माहूरझरीच्या गोलांमध्ये माणसाच्या अस्थींसोबत घोड्याची हाडं होती, लगामाची लोखंडी कडी होती, घोड्याच्या तोंडावर घालायचा तांब्याचा साज होता. लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, अकीकाचे मणी. २००० नंतर डेक्कन कॉलेजनं माहूरझरीला पुन्हा खोदकाम केलं तेव्हा मणी घडवण्याच्या कामाचे पुरावे हाती आले. यातलं काहीही गोटे बघून कळत नाही. गोटे म्हणजे फक्त वरची कड. खरं सगळं आत, त्या चोपलेल्या काळ्या मातीच्या थरात, कोणती वस्तू कशाच्या शेजारी, डोक्याशी की पायाशी, यात असतं. गोटे उचलून कारंज्याभोवती नीट गोल मांडले तरी ते परत येत नाही.

माझं एम.ए. याच विषयात झालं. पुढं शाळेत इतिहास शिकवला. एम.ए.च्या काळात विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागातर्फे आम्हाला गावोगाव पायी सर्वेक्षणाला नेत. त्याची वेळ ठरलेली असायची. पहिला पाऊस पडून गेला पाहिजे आणि पेरलेलं वर आलेलं नको. उन्हाळ्याच्या नांगरटीनं खालचं वर आणलेलं असतं, मग पहिल्या सरींनी त्यावरची धूळ धुतली जाते, आणि काळ्या ढेकळांमध्ये खापरं एकदम उजळून दिसतात. आम्ही धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत ओळ धरायचो, दोघांमध्ये थोडं थोडं अंतर ठेवून, मान खाली घालून हळूहळू चालायचं. चपलांना माती चिकटून पाय जड व्हायचे. ओल्या मातीचा वास, त्यात कुठं शेणखताचा, लांबून टिटवीचं ओरडणं. खापर दिसलं की वाकायचं, थुंकीनं पुसायचं, काठ आहे की बुड आहे बघायचं. पिशवीत घालून वर लेबल. गाव, गट नंबर, वावराचा कोणता कोपरा. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर सगळ्या पिशव्या रिकाम्या करायच्या आणि कागदावर ठिपके द्यायचे. ठिपके दाट झाले की तिथं वस्ती होती. लोखंडाच्या मळाचे तुकडे एकाच कोपऱ्यात मिळाले की तिथं लोहाराचं काम चालत होतं. एक फावडंसुद्धा न मारता दिवसाभरात हे सगळं उमगायचं. आमचे सर एक गोष्ट वारंवार बजावायचे, की खापर सापडलं नाही तर तेही लिहा, कारण पुढच्या माणसाला रिकाम्या जागेचीही माहिती लागते.

अशा चालण्यातूनच महाराष्ट्रातली किती ठिकाणं उजेडात आली. प्रवरेकाठचं दायमाबाद १९५८ मध्ये बोपर्डीकरांनी असंच हुडकलं. पण त्याच दायमाबादला १९७४ मध्ये जी चार कांस्य शिल्पं मिळाली, हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ हाकणारा माणूस, ती झाडाच्या मुळाशी खणणाऱ्या एका गावकऱ्याच्या हाती लागली. सगळी मिळून साठ किलोंहून जास्त वजन. ती भंगारात गेली असती तर आपल्याला पत्ताही लागला नसता. ज्या गोष्टी पाठ्यपुस्तकात आहेत त्या तिथवर किती थोडक्यात पोचल्या, हे आठवलं की मला लेआउटचे फलक बघवत नाहीत.

सर्वेक्षण सुरू कुठून करायचं, याचं उत्तर आपल्याकडं सरकारी कागदावरच तयार आहे. नागपूर जिल्ह्याच्या सातबाऱ्यांमध्ये कितीतरी मौज्यांच्या नावापुढं कंसात ‘रिठी’ लिहिलेलं असतं. म्हणजे पूर्वी गाव होतं, आता उजाड आहे, नुसती शेतं राहिली. पटवाऱ्याच्या नकाशात शीव आहे, नाव आहे, माणूस नाही. कुणी पटकीनं उठलं असेल, कुणी पाण्यावाचून, कुणी पेंढाऱ्यांच्या भीतीनं. त्या शेतांत पांढऱ्या मातीचा उंचवटा असतो, राखेची, शेणाची, पडलेल्या भिंतींची माती. आसपासचे लोक ती बंडीनं वाहून नेतात आणि वावरात खत म्हणून टाकतात, कारण तिचा पिकाला गुण येतो. आता प्लॉटच्या जाहिरातींमध्ये मौजा अमुक, कंसात रिठी, असं मी वाचते तेव्हा थांबते. सरकारनंच लिहून ठेवलंय की इथं गाव होतं. खरेदीखतावर ते शब्द जसेच्या तसे उतरतात, शिक्का बसतो, आणि कुणीही उठून बघायला जात नाही.

माझा एक भाचा इंग्लंडमध्ये असतो. त्यानं दोन वर्षांपूर्वी नव्या वसाहतीत घर घेतलं. गव्हाची शेतं होती तिथं. घर घेण्याआधी त्यानं कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्या जागेचे कागद उघडले तर त्यात पुरातत्त्वाचा एक जाडजूड अहवाल होता. त्यानं तो मला पाठवला. मी रात्रभर वाचत बसले. आधी जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रं तपासलेली. मग चुंबकीय यंत्र हातात धरून सगळं शेत ओळीओळीनं पालथं घातलेलं, त्यानं जमिनीखालच्या जुन्या चरांच्या आणि चुलींच्या खुणा उमटतात. मग यंत्रानं वरची नांगरटीची माती अलगद बाजूला करून तीस मीटर लांब, दोन मीटर रुंद अशा चाचणीच्या चऱ्या, शेतभर इकडंतिकडं मांडलेल्या. आणि सापडलं काय, तर रोमन काळातल्या शेतीच्या हद्दीचे दोन चर, थोडी खापरं, गाईची हाडं. प्रत्येक चरीचा फोटो, प्रत्येक चराचा छेद, मातीचा रंग. ज्यात काहीच मिळालं नाही त्या चऱ्यांचीही पानं होती. सरांची आठवण आली.

तिथंही हे पूर्वापार नव्हतं. १९८९ मध्ये लंडनला एका ऑफिसच्या इमारतीचा पाया खणताना शेक्सपियरच्या काळातलं रोझ नाट्यगृह सापडलं आणि ते वाचवायला नटमंडळी रस्त्यावर उतरली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, सरकारनं नियोजनाचा एक मार्गदर्शक कागद काढला. सार इतकंच, की बांधकामाची परवानगी देण्याआधी जमिनीखाली काय आहे ते बघायचं आणि त्याचा खर्च बांधणाऱ्यानं करायचा. ते कागद नंतर बदलले, तत्त्व टिकलं. भाचा म्हणाला, “मावशी, शेवटी घरं बांधलीच ना त्यावर.” ते खरं आहे. तिथंही बहुतेक वेळा चर नोंदवून घेतात आणि त्यावर काँक्रीट ओततात. जागा जाते, नोंद राहते. मला ते अर्धवट वाटतं, आणि तरीही तो अहवाल वाचताना मला हेवा वाटला. दोन चरांसाठी इतकं. आमच्याकडं घोड्यासकट पुरलेला माणूस अर्ध्या दिवसात निघून जातो आणि मागं एक ओळसुद्धा लिहिली जात नाही.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. कृष्णेवर नागार्जुनसागर धरण होणार म्हणून १९५४ ते १९६० अशी सहा वर्षं नागार्जुनकोंडाचं खोरं खणून काढलं होतं, आणि वास्तूंचे अवशेष उचलून पाण्यावर राहणाऱ्या टेकडीवर नेऊन पुन्हा मांडले होते. देश नवा होता, पैसा कमी होता, तरी पाणी चढण्याआधी बघून घेण्याची बुद्धी होती. मोठ्या धरणाला जे सुचलं ते तीन एकरांच्या लेआउटला सुचत नाही, कारण तो इतका लहान असतो की कुणाच्या नजरेतच येत नाही. असे लहान लहान तुकडे जोडत शहर कळमेश्वरपर्यंत आणि हिंगण्याच्या पार पुढं गेलं. उपग्रहाची जुनी छायाचित्रं संगणकावर मागंपुढं करून बघता येतात. मी बघते. एका वर्षी बरडावर गोल ठिपके स्पष्ट असतात, पुढच्या वर्षी रस्त्यांची जाळी उमटते, त्याच्या पुढच्या वर्षी छपरं.

मी राहते तेही एकेकाळी संत्र्याचं वावर होतं. तिथं खाली काय होतं ते आता कुणीच सांगू शकत नाही.

आणि आता हा प्रश्न आमच्या घरात आला आहे. आबाजींचं वावर चुलतभावाकडं आहे, दादाकडं. मागची तीन वर्षं पऱ्हाटीनं त्याला रडवलं. बोंडअळी, अवेळी पाऊस, मजुरी. त्याची पोरगी पुण्याला शिकते. वरच्या बरडासकट सगळ्या सहा एकरांना एक जण गिऱ्हाईक आहे. भाव असा की दादानं आयुष्यात एवढे पैसे एकत्र बघितले नाहीत. मी त्याला विकू नको असं म्हणणार नाही. तो अधिकार माझा नाही, आणि महिन्याला पेन्शन मिळणाऱ्या माणसानं कास्तकाराला पूर्वजांच्या गोष्टी सांगू नयेत. मी फक्त इतकं म्हटलं, की गोलाची एकदा रीतसर नोंद करू, विभागातल्या लोकांना बघू दे. दादा ओसरीवर सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला.

“नोंद केली का झालं बाई. मंग शंभर मीटर सोड, दोनशे मीटर सोड. माह्या वावरात शंभर मीटर सोडलं तर राह्यते काय?”

त्याला कायद्याचं कलम माहीत नव्हतं, पण आकडे बरोबर माहीत होते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते, हे २०१० च्या दुरुस्तीनं कायद्यात आलं. जिल्ह्यातली कितीतरी शिळावर्तुळं केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत, त्यामुळं शेजारपाजारच्या गावांत हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. मी घरी येऊन हिशेब केला. शंभर मीटर त्रिज्येचा गोल म्हणजे जवळपास पावणेआठ एकर. दादाचं सगळं वावर सहा एकर. नुसती नोंद केली म्हणून स्मारक संरक्षित होत नाही, त्याला अधिसूचना लागते, हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, “आज होत नाही. उद्याचं कोण सांगते?” पलीकडच्या गावात एकानं म्हणे याच भीतीनं रात्रीतून तीन गोल साफ केले. त्यात पुन्हा गुप्तधनाच्या अफवा. अमावास्येला कुणीतरी येऊन गोलाच्या मधोमध खड्डा करून, लिंबू-कुंकू टाकून जातं. सापडलेलं धन सरकारला कळवण्याचा १८७८ चा कायदाही गावात कुणीतरी सांगितलेला असतोच, दहा रुपयांवरचं काहीही मिळालं तर कलेक्टरकडं जावं लागतं, एवढ्यापुरता. म्हणून दगड दिसणं हेच लोकांना संकट वाटतं. कायदा यादीतल्या गोलाला इतकं घट्ट धरतो की यादीबाहेरचा गोल मालक स्वतःच मोडून टाकतो. मधला रस्ताच नाही. बघा, मोजा, लिहून घ्या, आवश्यक तेवढं खणा आणि जमीन मालकाला मोकळी करून द्या, असं सांगणारा एकही कागद लेआउटच्या मंजुरीच्या फायलीत लागत नाही. पाण्याचा निचरा कुठून होणार ते लागतं, विजेची तार कुठून जाते ते लागतं.

पुढच्या खेपेला मी टेप घेऊनच गेले. दादाच्या पोरानं दुसरं टोक धरलं. आमचा गोल आडवा पंधरा मीटर भरला. म्हणजे क्षेत्रफळ पावणेदोन गुंठे. गिऱ्हाइकानं दादाला दाखवायला लेआउटचा कच्चा नकाशा दिला होता, तो ओसरीवर पसरला. लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते, तशी ती यातही होती. सहा एकरांत चोवीस गुंठे, हिरव्या रंगात, पार नाल्याच्या कडेला. आणि बरडावरच्या गोलावर नेमका एक प्लॉटांचा पट्टा आणि नऊ मीटरचा रस्ता. मी दादाला म्हटलं, हा हिरवा चौकोन इथून उचलून तिथं ठेवला तर? प्लॉट तेवढेच पडतील, गोटे जागेवर राहतील, आतली माती हलणार नाही. पैसे कमी होत नाहीत. फक्त नकाशा काढणाऱ्याला आधी माहीत पाहिजे. दादानं चष्मा लावला आणि बराच वेळ त्या कागदावर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, “नाल्याकडचे प्लॉट कोणी घेत नाही, पाणी चढते. म्हणून त्यानं ओपन स्पेस तिथं दाबली. तो ऐकनार नाही.” पोरगा म्हणाला, “विचारून तर बघा न बाबा.” मला त्या क्षणी पोराला जवळ घ्यावंसं वाटलं.

विचारून झालं आहे. गिऱ्हाइकानं नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. आर्किटेक्टला दाखवतो म्हणाला, आणि इसार दिवाळीनंतर करू असं बोलणं झालं. तोवर दादाची एक पेरणी आहे. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की तूर टाकायच्या आधी चार विद्यार्थ्यांना घेऊन वावर चालायला त्यानं परवानगी दिली आहे, बरड आणि नाल्याकडचं काळं, दोन्ही. जेवण वहिनी करणार. गोलाचं रेखाटन करू, प्रत्येक गोट्याचं माप घेऊ, खळग्यांचे ठसे कागदावर उतरवू, खापरं कुठं दाट पडतात ते बघू. खाली वस्ती असेल तर ती नाल्याच्याच अंगाला असणार, म्हणजे हिरवा चौकोन तिथून हलवला तर तिच्यावर प्लॉट येतील, हेही माझ्या मनात आहे आणि ते मी अजून दादाला सांगितलेलं नाही. चालून झाल्यावरच काय ते बोलता येईल.

त्याची अट मात्र एकच आहे. फोटो काढा, मापं घ्या, काय लिहायचं ते लिहा, पण गट नंबर लिहायचा नाही. मी त्याला विभागाचा छापील तक्ता दाखवला. त्यात पहिला रकाना गावाचा आहे आणि दुसरा गट नंबराचा. तो भरला नाही तर उरलेल्या कागदाचा उपयोग नाही, पुढच्या माणसाला जागा सापडणार कशी, असं मी म्हणते. तो भरला तर माझ्या पोरीची फी कोण भरनार, असं तो म्हणतो. आम्ही फोनवर दर रविवारी यावर बोलतो. परवा तो म्हणाला, आधी पाऊस तर पडू दे, मंग पाहू.